परदेशातला रविवार

उच्च शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या मुलाची बॅग कशी भरली जाते, हे आता बेळगावात कुणाला सांगायला नको. शेजारून वजनाचा काटा मागून आणलेला असतो. एका बाजूस पुस्तके व लोकरीचे कपडे, दुसऱ्या बाजूस शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लोणचे, भाजणी आणि कुंद्याचा डबा. वजन जास्त भरले की पुस्तके बाहेर निघतात, चटणी आत राहते. त्यामागे आईचा हिशोब सरळ असतो. परक्या मुलखात पोराच्या पोटाचे हाल झाले, तर मनाचेही होणारच.

हा हिशोब खोटा नाही. अडचण एवढीच, की डबा फार तर दोन महिने पुरतो आणि शिक्षण दोन वर्षांचे असते. डबा संपल्यावर काय करावे, याविषयी कुणी काही सांगत नाही. मी या महाविद्यालयातून बाहेर पडून जर्मनीत श्टुटगार्ट येथे दोन वर्षे शिकायला होतो. तिथे जे फार उशिरा उमगले, ते आपल्यापैकी जे जाणार आहेत त्यांना आधीच कळावे, म्हणून हा लेख. सांगायचे ते थोडक्यात असे: परदेशी राहताना नीट जेवणे आणि सुटीच्या दिवशी चार मैल बाहेर पडणे ही चैन नव्हे. त्या देशात आपले पाऊल टेकते ते त्यानेच, आणि पाऊल टेकल्यावाचून अभ्यासही होत नाही.

पहिला रविवार

मी पोहोचलो शनिवारी रात्री. रविवारी सकाळी पिशवी घेऊन दूध-तांदूळ आणायला निघालो, तर सारा बाजार बंद! मला वाटले, कुणी मोठा पुढारी वारला असावा. दोन तास हिंडलो. शेवटी रेल्वे स्टेशनातल्या एका दुकानात पाव मिळाला, त्यावर दिवस काढला.

पुढे कळले, की हा तिथला नेम आहे आणि त्याला थेट राज्यघटनेचा आधार आहे. रविवार व सणाचे दिवस हे कामापासून विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याने जपले जातील, असे कलम १९१९ च्या वायमार राज्यघटनेत होते. १९४९ साली नवी घटना झाली तेव्हा ते जसेच्या तसे तिच्यात घेतले गेले. नाताळापूर्वीच्या चारही रविवारी दुकाने उघडी ठेवण्याची मोकळीक बर्लिन राज्याने दिली, तेव्हा तिथल्या सर्वोच्च घटना-न्यायालयाने १ डिसेंबर २००९ रोजी ती रद्द ठरवली. स्टेशनातली दुकाने, पेट्रोल पंप आणि काही तासांपुरत्या बेकऱ्या एवढेच रविवारी उघडे असते. म्हणून पहिला धडा: शनिवारी संध्याकाळपर्यंत सोमवारचे दूधसुद्धा घरात आले पाहिजे.

पण हा धडा शिकूनही रविवार सुटला नाही. दुकाने बंद, वर्ग बंद, रस्ते रिकामे, आणि डिसेंबरात दुपारी साडेचारलाच सूर्य मावळतो. खोलीत बसून भिंतीकडे पाहावे, असा तो दिवस असे.

हिशोबाची वही

आता पैशांचे. जर्मनीच्या व्हिसासाठी विद्यार्थ्याला वर्षभराचा खर्च एका बंद खात्यात आधीच भरून दाखवावा लागतो. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो अशी ठरली. दर महिन्यास तेवढेच हाती पडतात. त्यातून खोलीचे भाडे व आरोग्य विमा जाऊन जे उरते, त्यात जेवण, प्रवास, वह्या-पुस्तके. खात्यातले पैसेही बहुधा बँकेच्या कर्जाचे, आणि त्यासाठी घर नाहीतर शेत गहाण. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले. मी तर पाय पोटाशी घेऊनच झोपू लागलो. दर युरोचे रुपये करून पाहायचे आणि वस्तू परत फळीवर ठेवायची. भात आणि लोणचे, भात आणि दही. बाहेर कुठे जाणे नाही.

घरच्या फोनची वेळ रविवारी दुपारची. हिवाळ्यात तिथे बारा वाजले की आपल्याकडे साडेचार. आई पहिला प्रश्न विचारी, "आज काय जेवलास?" मी मनाला येईल ते सांगत असे: "पोळी-भाजी केली, वरण केलं." असे तीन महिने खोटे बोललो. फेब्रुवारीच्या परीक्षेत एका विषयात नापास झालो. भाताने मनुष्य नापास होत नाही हे खरे. पण जो आठवडाभर कुणाशी चार शब्द बोलत नाही, ज्याचे शरीर सदा थकलेले आणि ज्याचा रविवार भिंत पाहण्यात जातो, त्याच्या डोक्यात गणित तरी कसे शिरावे? शिवाय वाचवलेल्या पैशांपेक्षा एक विषय पुन्हा देण्याचा व मुक्काम लांबण्याचा खर्च मोठा, हा हिशोब माझ्या वहीत नव्हताच.

त्याच वसतिगृहात हुबळीचा एक मुलगा होता. घरी कन्नड बोलणारा, मराठी समजणारा. मी नापास झाल्याचे कळले त्या संध्याकाळी त्याने मला स्वयंपाकघरात बोलावून समोर एक काळपट पाव ठेवला. म्हणाला, "याला पाव समजू नकोस, भाकरी समज. मग उतरतो."

भाकरीचे शास्त्र

तो राय नावाच्या धान्याचा पाव होता. उत्तर युरोपच्या थंड, हलक्या जमिनीत गहू जिथे नीट येत नाही तिथे राय येते, जशी आपल्याकडे कोरडवाहू रानात ज्वारी. दोन्ही धान्यांची अडचणही सारखीच आहे. गव्हाच्या कणकेत ताणले जाणारे चिवट जाळे तयार होते, म्हणून पोळी लाटता येते आणि पाव फुगतो. ज्वारीत हे जाळे होत नाही. त्यावर आपल्या बायकांनी उपाय काढला तो उकळत्या पाण्याचा: पीठ उकडून चिकटवायचे आणि हाताने थापायचे. रायच्या पिठातही ते जाळे नीट धरत नाही, आणि भट्टीत असताना त्यातले पिष्ट फुटून आतला भाग गिच्च होतो. त्यावर जर्मन बेकऱ्यांचा उपाय आंबवणाचा. आपण जिलेबीचे पीठ आंबवतो तसे रायचे पीठ आंबवून त्यात आंबटपणा आणायचा. त्या आंबटपणाने पिष्ट फुटणे आटोक्यात राहते आणि पाव सुरीने कापण्याजोगा होतो.

हे कळले आणि त्या पावाची आंबट चव मला एकाएकी समजली. तो चार-पाच दिवस टिकतो, दोन कापांत पोट भरते, आणि वर शेंगदाण्याची चटणी व दही असले तर आणखी काही लागत नाही. जर्मन माणूस गरम जेवण बहुधा दुपारी घेतो. रात्री पाव, लोणी, चीज, काकडी असे थंडच खातो. या रात्रीच्या जेवणाचे नावच 'आबेंटब्रोट', म्हणजे संध्याकाळची भाकरी. पोट भरण्यास तेही 'आपली भाकरी कमावणे' असेच म्हणतात. जर्मन पाव-संस्कृतीची २०१४ साली त्यांच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत नोंद झाली, यात मला नवल वाटत नाही.

मसुराची गोष्ट

श्टुटगार्टच्या मुलखास श्वाबेन म्हणतात. इथली माणसे काटकसरीबद्दल साऱ्या जर्मनीत प्रसिद्ध. त्यांचे घरगुती पक्वान्न कोणते? अख्खा मसूर! शिजवलेल्या मसुराबरोबर 'श्पेट्झले' नावाच्या अंड्याच्या जाड, आखूड शेवया. आपण आमटीत चिंच किंवा आमसूल घालतो तसे ते वरून व्हिनेगर घेतात. सोबत सॉसेज देतात, पण नको म्हटले तर वगळतात.

या मसुराची हकीकत ऐकण्यासारखी आहे. श्टुटगार्टच्या दक्षिणेस 'श्वेबिशे आल्ब' हे चुनखडीचे पठार आहे. जमीन उथळ व दगडाळ, पाणी झिरपून जाणारे. तिथे मसूर पिके. मसुराचा वेल नाजूक, म्हणून आधाराला ओट किंवा बार्ली मिसळून पेरायची रीत होती. ज्वारीत तूर पेरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धानंतर कष्टाचे हे पीक मागे पडले आणि जुने स्थानिक वाण नाहीसे झाले. १९८० च्या दशकात तिथल्या एका शेतकऱ्याने परक्या बियाण्यावर मसूर पुन्हा लावायला आरंभ केला, आणि जुन्या वाणाचा शोध चालू ठेवला. २००६ साली ते वाण सापडले, कुठे, तर रशियात सेंट पीटर्सबर्गच्या व्हाविलोव्ह संस्थेच्या बीजसंग्रहात! दुसऱ्या महायुद्धात त्या शहराला वेढा पडला असताना संस्थेतले काही शास्त्रज्ञ उपासमारीने मेले, पण जपलेले बियाणे त्यांनी खाल्ले नाही. असल्या संग्रहातून मूठभर दाणे आले, ते वर्षानुवर्षे वाढवले, आणि आज 'आल्ब-लाइझा' नावाने तो मसूर पुन्हा विकला जातो.

सांगायचे काय, तर आपले अन्न परदेशात मिळत नाही अशी तक्रार करण्याआधी तिथला शेतकरी काय पिकवतो ते पाहावे. आपल्याच ताटातले काहीतरी वेगळ्या नावाने तिथे आधीपासून नांदत असते.

बाजार आणि ऋतू

चांगले खाण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे ऋतूप्रमाणे खाणे. शनिवारी सकाळी गावच्या चौकात आठवडी बाजार भरतो. शेतकरी स्वतःचा माल घेऊन येतात, आणि बाजार उठण्याच्या वेळी काही जण भाव उतरवतात, हे सगळीकडे सारखेच. मार्च-एप्रिलात जंगलात लसणीच्या वासाची रुंद पाने उगवतात, त्यांना 'बेअरलाउख' म्हणतात. त्यांची चटणी आपल्या जिभेला फार मानवते. मात्र तशाच दिसणाऱ्या एका विषारी झाडाची पानेही जवळच उगवतात, म्हणून नवख्याने ती खुडू नयेत, बाजारातूनच घ्यावीत.

एप्रिलपासून 'श्पार्गल' येतो. हा आपल्या शतावरीचा भाऊबंद. मातीचे वरंबे चढवून कोंब उजेडापासून झाकतात, म्हणून तो पांढरा राहतो. २४ जूनला त्याची काढणी थांबवण्याची रीत आहे, कारण पुढच्या वर्षासाठी झाडाला बळ धरू द्यावे लागते. सप्टेंबरात आलुबुखाराच्या जातीची निळी फळे येतात, आणि घरोघरी त्यांचा आंबट-गोड केक होतो.

हिरवी मिरची, कोथिंबीर, डाळी व चांगले दही हवे असेल तर तुर्की दुकान शोधावे. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी व तुर्कस्तान यांच्यात कामगार भरतीचा करार झाला, आणि हजारो तुर्क माणसे तिथल्या कारखान्यांत आली. त्यांच्यामागून त्यांची भाजी-मसाल्याची दुकाने आली. आज आपला विद्यार्थी त्यांच्याच जिवावर फोडणी करतो.

शाकाहारी मित्रांना एक सूचना. 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही. डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे बटाट्याच्या सॅलडमध्ये किंवा कांद्याच्या केकमध्येही असतात, आणि त्यांना 'मांस' म्हणायचे कित्येकांना सुचतही नाही. 'श्पेक नको' असे नाव घेऊन सांगावे. चीज आणि तळलेला कांदा घातलेले श्पेट्झले मात्र निर्धास्त मागावे, तरी एकदा विचारून घेणे बरे.

बाहेर पडण्याची सोय

आता सहलीकडे वळू. रविवारी सारे बंद असते, मग जर्मन लोक करतात काय? ते चालतात! आजोबा, नातवंडे, काठ्या, पाठपिशव्या, सारे मिळून रानात जातात. रान खाजगी मालकीचे असले तरी विरंगुळ्यासाठी त्यात जाण्याची मुभा १९७५ च्या वन-कायद्याने सर्वांना दिली आहे. वाटा आखून खुणा रंगवण्याचे काम हौशी मंडळांचे. आमच्या भागातले 'श्वेबिशर आल्बफेराइन' हे मंडळ १८८८ पासून चालले आहे. झाडावरची खूण बघत गेले की वाटाड्या लागत नाही.

प्रवासाचा खर्चही आवाक्यात आला आहे. १ मे २०२३ पासून देशभरच्या साध्या गाड्या, ट्राम व बस यांना चालणारे एकच मासिक तिकीट निघाले. तेव्हा ते ४९ युरोचे होते, २०२५ च्या जानेवारीत ५८ आणि २०२६ च्या जानेवारीत ६३ युरो झाले. पुष्कळ विद्यापीठांतून विद्यार्थ्यांना ते बऱ्याच कमी दरात मिळते. जलद लांब पल्ल्याच्या गाड्यांना ते चालत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. हे तिकीट एकदा खिशात आले, की रविवारच्या सहलीला भाड्याचा वेगळा खर्च नाही. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, ते बाटलीत भरावे. डब्यात रायची भाकरी आणि एक सफरचंद.

मुक्काम करायचा झाल्यास 'युगेंडहेरबेर्ग', म्हणजे युवक वसतिगृहे आहेत. त्यांची कल्पनाच एका शाळामास्तराची. २६ ऑगस्ट १९०९ रोजी रिखार्ड शिरमान हे शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीस निघाले असता वादळाने गाठले, आणि सर्वांनी एका गावच्या शाळेत रात्र काढली. सुटीत शाळा रिकाम्याच असतात, मग गावोगावी अशी स्वस्त निवाऱ्याची जागा का असू नये, असे त्या रात्री त्यांच्या मनात आले. पुढे अल्टेनाच्या किल्ल्यात कायमचे वसतिगृह झाले, आणि ही चळवळ आपल्या देशापर्यंत पोहोचली.

दोन सहली

मार्चच्या एका रविवारी हुबळीच्या मित्राने मला ओढून बाड उराखला नेले. गाडीतून उतरून ओढ्याकाठाने चालले की रानात ३७ मीटर उंचीचा धबधबा लागतो. गोकाकचा धबधबा पाहिलेल्यास तो धाकटा भाऊ वाटेल. पण पाण्याने चुन्याचे थर साचवून तिथे हिरव्या शेवाळाची गादी केली आहे, आणि वर चढून गेले की मसुराचे ते पठार लागते. तिथे बसून आम्ही भाकरी-चटणी खाल्ली. शेजारी बसलेल्या एका आजीबाईंनी चटणीचा वास घेऊन नाव विचारले. चिमूटभर दिली, तर डोळ्यांत पाणी आले तरी "गूट, गूट" म्हणत राहिल्या, आणि आपल्या डब्यातला केक आम्हाला दिला. परदेशात मी कामाखेरीज कुणाशी बोललो तो हा पहिला प्रसंग.

दुसरी सहल ट्यूबिंगनची. गाडीने तासाभराची वाट. नेकार नदीकाठच्या पिवळ्या मनोऱ्यात कवी होल्डरलिन १८०७ पासून मरेपर्यंत, म्हणजे ३६ वर्षे राहिला. तो मनोरा पाहायला जगभरची माणसे येतात. पण माझ्या मित्राला तिथे ओढ होती ती दुसऱ्याच माणसाची. धारवाड-हुबळीकडे मिशनरी म्हणून १८५३ साली आलेल्या फर्डिनांड किट्टेल यांनी चाळीस एक वर्षांच्या कष्टांनंतर १८९४ साली कन्नड-इंग्रजी शब्दकोश पुरा केला. त्यात सुमारे ७०,००० शब्द आहेत. आपल्याला मोल्सवर्थ, तसे कन्नडला किट्टेल. त्यांची शेवटची वर्षे ट्यूबिंगनला गेली आणि १९०३ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. त्या गावच्या चढ-उताराच्या गल्ल्यांतून हिंडताना मित्र म्हणाला, "हा माणूस आमच्या गावी आला तेव्हा त्यालाही भाकरी परकीच वाटली असेल. त्याने शब्द विचारत विचारत ती आपली केली." मी काही बोललो नाही. पण त्या दिवसापासून दुकानात वस्तूची किंमत पाहण्याआधी तिचे नाव वाचू लागलो.

जाणाऱ्यांना चार शब्द

तेव्हा मित्रहो, महिन्याचा हिशोब मांडताना भाडे व विम्याच्या खाली एक ओळ 'जेवण व रविवार' म्हणून घाला, आणि ती ओळ पहिल्या महिन्यापासून पाळा. काटकसर जरूर करा, पण ती उपाशी राहून नव्हे. दुपारी विद्यापीठाच्या भोजनगृहात गरम जेवा आणि जेवताना एकटे बसू नका. आठवड्यातून एकदा तिथला एक नवा पदार्थ आणि महिन्यातून दोनदा एक नवी वाट, एवढा नेम पुरे. पुण्या-बंगळुरूस राहणाऱ्यांनाही हे लागू आहे.

राहिलेला विषय मी उन्हाळ्यात सुटवला. त्या दिवशी रविवार नव्हता, तरी आईचा फोन आला आणि प्रश्न ठरलेलाच होता.

"आज काय जेवलास?"

"मसुराची आमटी. शेवयांबरोबर."

ती क्षणभर थांबली. "शेवयांबरोबर आमटी? ही कुठली रे रीत!" म्हणून मोठ्याने हसली. मी तिला पदार्थ कसा करतात ते सांगू लागलो. तीन महिने खोटे बोललो होतो, त्याची कबुली मात्र घरी परत आल्यावरच दिली. तिला ते आधीपासून ठाऊक होते.